खारपाणाची सून

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की त्याचं आडनाव नंतर विचारतात, आधी विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? जिल्ह्याच्या मधोमध अजिंठ्याचा डोंगर आडवा पडलेला आहे आणि त्याने आमची कायमची वाटणी करून टाकली आहे. वरच्यांकडे थंड हवा, खालच्यांकडे रेल्वे. वरचे म्हणतात, तुमच्याकडे उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. खालचे म्हणतात, तुमच्याकडे यायचं म्हटलं तरी यष्टीत आतडी गोळा होतात. मी घाटाखालची, संग्रामपूर तालुक्यातली. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो, त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. दिली मात्र मला घाटावर, हिवरा आश्रमाच्या बाजूच्या एका गावात.

माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, शाळेत भूगोल शिकवायचे. आता निवृत्त आहेत, पण शाळेतून, भूगोलातून नाही. मला पाहायला आले तेव्हा मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं, पूर्णा नदी उगम कुठे पावते? मी म्हटलं, सातपुड्यात, मध्य प्रदेशात. ते खूश झाले. मला तिथेच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ थोडी सैल आहे. मी म्हटलं, सगळ्या डोंगराचं गोड पाणी घेऊन निघते आणि आमच्या विहिरींना काय देते, तर खारट. मामाजींनी त्याच क्षणी मला पसंत केलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, अर्धा चहा बशीत तसाच ठेवून दिला.

त्या चहाचं कारण सांगायला हवं. पूर्णेच्या दोन्ही अंगाला जो मुलूख पसरला आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीखालचं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही, चहात दूध टाकताना देवाचं नाव घ्यावं लागतं, आणि तुरीची डाळ दुपारी हवी असेल तर पहाटे चुलीवर चढवावी लागते, तीही चिमूटभर सोडा टाकून. लोकांचे मूतखडे आणि त्याहून वाईट दुखणी याच पाण्याची, तेव्हा अभिमान बाळगावा असं त्यात काही नव्हतं. पण जन्मापासून तेच प्यालो, म्हणून आम्हाला ते खारं लागायचंच नाही. उलट बाहेरगावचं पाणी पांचट लागायचं.

लग्न झालं, वऱ्हाडाची गाडी घाट चढली, माझे कान बंद झाले आणि मामाजींनी पुढच्या सीटवरून मागे वळून सांगितलं की मोगलांच्या वेळी खालचा मुलूख पायनघाट आणि वरचा बालाघाट म्हणवला जायचा, म्हणजे तू आत्ता एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात चालली आहेस. मला ओकारी येत होती. मी मान हलवली.

सासरी रीत अशी की नव्या सुनेने पहिला स्वयंपाक करायचा, त्याचा देवाला नैवेद्य दाखवायचा आणि मग भावकीची पंगत उठवायची. नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही. मला त्यात अवघड काही वाटलं नाही. बारावीपासून घरचा स्वयंपाक मी करत होते, हाताला अंदाज होता. पहाटे उठून डाळ चढवली, सोडा टाकला. घाटावरच्या गोड पाण्यात ती डाळ अशी विरघळली की पातेल्यात तूर होती याचा हळदीशिवाय काही पुरावा राहिला नाही. मीठ टाकलं तेही माहेरच्या अंदाजाने. आमच्याकडे निम्मं मीठ पाण्यातच असतं, उरलेलं हात टाकतो. इथे निम्मं टाकणारं कोणी नव्हतं, हे माझ्या हाताला कोण सांगणार?

पंगत बसली. नवरदेवाला हलकं काम म्हणून मीठ वाढायला दिलं होतं. एरवी मीठवाढ्या एक चक्कर मारून मोकळा होतो. त्या दिवशी माझा नवरा वाटी घेऊन जो फिरायला लागला तो ताक येईपर्यंत फिरतच होता. बुंदीवाल्याकडे कोणी बघेना. जो तो नुसतं ताटाच्या कोपऱ्याकडे बोट करायचा. माझे चुलत सासरे तेवढे म्हणाले, "सूनबाईनं बीपीवाल्याईचा विचार केला, बरं केलं."

मी दाराआड उभी होते. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं वाटलं. तेवढ्यात मामाजी उभे राहिले. मला वाटलं, सांभाळून घेतील. त्यांनी सांभाळायला सुरुवात केली ती पूर्णेच्या खोऱ्यात फार प्राचीन काळी खारं तळं असावं इथपासून. मग सातपुडा, काळी माती, कापूस, कापसासाठी इंग्रजांनी आणलेली रेल्वे, खामगावचा बाजार. माझ्या वरणापर्यंत येईस्तोवर लोकांचे हात वाळले. निम्म्या भावकीचा समज झाला की माझे वडील समुद्राच्या तळाशी राहतात. त्या दिवसापासून गावात माझं नाव पडलं, खारपाणाची सून.

दुसऱ्या दिवशी चुलीजवळची मिठाची बरणी नाहीशी झाली. ती आत्याबाईंच्या खोलीत फडताळावर जाऊन बसली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "सैपाक तू कर. मीठ मी टाकत जाईन."

सांगायला ही छोटी गोष्ट वाटते. पण बी.ए. झालेल्या बाईने रोज दोन वेळा भाजी शिजली की हाक मारायची, आत्याबाई, मीठ. मग त्यांनी हातातलं काम टाकून यायचं, बरणी उघडायची, चिमूट टाकायची, बरणी घेऊन परत जायचं. तहसीलमध्ये सहीसाठी फाईल फिरते तशी माझी भाजी फिरायची. एकदा त्या कीर्तनाला गेल्या आणि सगळं घर गार वरणासमोर बसून राहिलं. नवरा म्हणाला, फडताळावरून काढून घे की. मी म्हटलं, नाही. ती माझ्या हातात त्यांनीच द्यायची. ज्या घरात मीठ टाकायचा अधिकार नाही ते घर माझं कसं, असं मला वाटायचं आणि खरंच रडू यायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. चार दिवसांनी मामाजी आणि आत्याबाई मला न्यायला आले. आत्याबाईंनी आल्या आल्या पदर खोचला. आज वरण मी करते, म्हणाल्या. माझी आई नको नको म्हणत राहिली, पण विहिणीला वरण म्हणजे काय ते दाखवायचं हे त्या ठरवूनच आल्या होत्या. डाळ चढवली, आणि ती काही शिजेना. उन्हं कलली तरी दाणा दाण्यासारखा. शेवटी तशीच घोटली आणि घाटावरच्या हाताने मीठ टाकलं.

माझ्या वडिलांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पण पाणीही आमचंच. कुठेच सुटका नव्हती. मामाजींचा चेहरा मात्र उजळला. हाच प्रयोग उलट बाजूने सिद्ध होताना ते डोळ्यांनी पाहत होते. ते उभे राहिले, घसा साफ केला.

"खाली बसा," आत्याबाई म्हणाल्या.

ते बसले. लग्नानंतर भूगोल पहिल्यांदाच अर्ध्यावर थांबलेला मी पाहिला. आई म्हणाली, डाळच जुनी होती हो विहीणबाई, माझंच चुकलं. डाळ त्याच वर्षीची, घरच्या शेतातली होती. आत्याबाईंना ते कळलं असणार, कारण त्यांनी ताटातलं सगळं संपवलं.

परतताना घाट चढेपर्यंत मी मनात मांडे खात होते, की आता बरणी खाली येते. आली नाही. आठवडा गेला, महिना गेला, मी हाक मारतच राहिले. असा संताप आला मला, की मी दोन दिवस आत्याबाईंशी कामापुरतंच बोलले. त्या तशाही कामापुरतंच बोलायच्या, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही.

मग मला दिवस गेले. लोकांना चिंचेचे डोहाळे लागतात, कैरीचे लागतात. मला लागले माहेरच्या पाण्याचे. घाटावरचं पाणी ओठाला लावलं की उलटी. मामाजींनी हे फार आनंदाने ऐकलं आणि माणूस आपला मुलूख रक्तात घेऊन फिरतो यावर बरंच सांगितलं. मी आईला फोन केला, कॅनभर पाणी यष्टीत ठेवून दे म्हटलं. आई हसली. म्हणाली, "कुठचं पाणी वं? नळाले धरणाचं गोड पाणी येऊन राह्यलं आता. बोअरची मोटर काढून टाकली. तुये बाबा म्हणतात, वरण पांचट लागते."

चांगलीच बातमी होती. पोरांची पोटं दुखायची थांबतील, डाळ शिजेल. पण फोन ठेवून मी हमसून हमसून रडले. जे पाणी मला हवं होतं ते आता माझ्या माहेरीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसले होते, तर आत्याबाई पेला घेऊन आल्या. पी, म्हणाल्या. मी भीतभीत घोट घेतला. उलटी आली नाही. दुसरा घेतला. मग पेल्यात पाहिलं, तर तळाशी न विरघळलेले चार दाणे होते. आत्याबाईंच्या कमरेवर मिठाची बरणी होती.

"तसंच हाय का?" त्यांनी विचारलं. "मी रातच्यानं चाखून पाहून राह्यली, पन तुयं पानी मले नेमकं आठवत नाही."

मी म्हटलं, थोडं अजून लागेल.

"मंग तूच टाक. तुया हाताले मालूम हाय." त्यांनी बरणी माझ्यासमोर ठेवली आणि गोठ्याकडे निघून गेल्या.

त्या दुपारचं वरण मी केलं आणि मीठही मीच टाकलं. ते अळणी झालं. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मामाजी खाकरले. आत्याबाईंनी ताटातलं मीठ वरणात कालवलं, भात संपवला आणि पुन्हा वरण मागितलं.