राईच्या ताटातलं

काल सकाळी धुराचा वास आला, तेव्हा वाटलं कुणीतरी शेतात पेरणीआधीची भाजावळ करतंय. पण धूर देवराईतून येत होता. मुंबईहून आलेला माझा धाकटा भाऊ सुधीर तिथला गळलेल्या पानांचा सगळा पातेरा झाडून जाळत होता. "कचरा होता गं ताई. आता देवापुढे लाद्या बसवतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दहा वर्षांची असताना मीही याच राईतून भाजावळीसाठी हाराभर पातेरा उचलला होता. वरची पानं कुरकुरीत होती, खालची ओली, काळी, जवळजवळ मातीच झालेली. त्यातूनच एक कोवळं रोप वर आलं होतं. वाटेत काकीने माझा दंड धरला. "ओत परत! राईचं जेवाण हाय ता. तिच्या ताटातलं उचलतेस?" वाटेवरच्या बायांसमोर ओरडली म्हणून कित्येक वर्षं मी तिच्यावर धुमसत होते.

काकी आता नाही. आज मी अंगणातला पातेरा हाऱ्यात भरला, राईत नेला आणि सुधीरच्या नव्याकोऱ्या लाद्यांवर ओतला.

"ताई, हे काय?"

"राईचं ताट वाढलंय. पुन्हा झाडू लावलास, तर हात मोडीन."