बारा तासांची गोळी

कुत्रीचे केस झडले तेव्हा मी आधी पत्रक छापलं आणि मग डॉक्टर शोधला. माझी बहुतेक कामं याच क्रमाने होतात, हे कबूल करते.

निघोज्याच्या एका कंपनीच्या गेटवर ही तांबडी कुत्री राहायची. मी तिथे शिफ्ट सुटताना कंत्राटी कामगारांना पत्रकं वाटायचे, त्यामुळे आमची रोजची ओळख. त्या वर्षी ती जाड होत गेली. शेपटी दोरीसारखी उघडी पडली, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले, आणि भर एप्रिलच्या दुपारी ती सावली सोडून तापलेल्या सिमेंटवर झोपायला लागली. कंपनीच्या साहेबांनी निरोप पाठवला: खरूज आहे, महिन्याभरात हलवा, नाहीतर आम्ही गाडी बोलावून घाटात सोडू.

मी पेटले. ‘आज कुत्रीचे केस, उद्या कामगारांचे! सांडपाण्यात काय सोडता, जबाब द्या!’ पत्रक कामगारांच्या बसमध्ये हातोहात गेलं.

मग तिला रिक्षात घालून चिंचवडला नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, “खाजवते का?”

“नाही.”

“मग खरूज कसली?”

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “इथे थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस रक्तातून अंगभर फिरतो आणि शरीराचा वेग ठरवतो. हिची ग्रंथी जवळजवळ बंद पडलीय. मेंदूखालची ग्रंथी ऑर्डरवर ऑर्डर सोडतेय. रक्तात ऑर्डर भरपूर, माल नाही. म्हणून थंडी वाजते, वजन वाढतं, केस उगवत नाहीत.”

“सांडपाण्यामुळे?”

“सांडपाण्याचं मला माहीत नाही. बहुतेक हिच्याच शरीराने ही ग्रंथी हळूहळू खाल्लीय. कुत्र्यांत होतं असं.”

माझी निराशा झाली. आजार संसर्गाचा नाही, गोळीने ती सावरेल, हे ऐकूनही निराशा झाली, कारण कोणाकडे बोट दाखवायला उरलं नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

गोळी दर बारा तासांनी, खाण्याआधी, जन्मभर. माझी आई हेच औषध घेते. कुत्रीची गोळी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ताकदीची. कुत्र्याचं शरीर हे औषध झपाट्याने संपवतं म्हणे. आई म्हणाली, “म्हणजे मी बरी म्हणायची.”

खरूज नाही, असा डॉक्टरांचा कागद साहेबांकडे दिला. उत्तर आलं नाही. गोळ्यांचा डबा गेटवर ठेवून मी वर पुठ्ठा लावला: ‘एकही शिफ्ट मागे राहू नये.’ हात तेच लिहायला शिकलेला. तीन शिफ्टचे कामगार, तिन्ही इमानी. कोणीही मागे राहिलं नाही. ओव्हरटाइमला थांबलेले तर आपली एक वेगळी द्यायचे.

आधी ती उठली, बसवर भुंकली, सगळे खूश. दहा दिवसांत मात्र तिला बसता येईना. धापा टाकत गेटपासून बसथांब्यापर्यंत आणि परत, बादलीभर पाणी पिऊन पुन्हा तेच. गेटवरचे दिवसपाळीचे वॉचमन काका बघत होते. म्हणाले, “ताई, ही आता तुमच्यासारखी झाली. बूड टेकत नाही.”

डॉक्टरांना फोन केला. “दोनदा सांगितलं होतं ना?”

“शिफ्ट तीन आहेत.”

“कुत्रीला शिफ्ट नसते.” दोन दिवस गोळी बंद ठेवा, मग बारा तासांचा नेम पाळा, म्हणाले.

आता बारा तास कोण पाळणार? कामगार आठ तासांचे. उत्तर समोर खुर्चीवर बसलं होतं. वॉचमनची ड्यूटी सात ते सात. याच बारा तासांविरुद्ध माझ्या पिशवीत ताज्या पत्रकांचा गठ्ठा होता.

काकांनी डबा केबिनमध्ये नेला आणि चार्जचं रजिस्टर उघडलं. ड्यूटी बदलताना गेटवरची प्रत्येक वस्तू दुसऱ्याला मोजून द्यायची, दोघांनी सही करायची. त्यांनी लिहिलं: चाव्या, टॉर्च, कुत्री एक, गोळी दिली. डॉक्टरांच्या कागदाची प्रत त्याच पानाला टाचली.

महिना सरला. केस यायला आणखी काही महिने लागणार होते. दिसायला ती अजून तशीच उघडी. एका दुपारी गाडी आली, दोरी घेतलेला माणूस उतरला, मागून साहेब. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका उठले.

“साहेब, गेटपास?”

“कुत्र्याला कसला गेटपास?”

“रजिस्टरला चढलीय. मोजणीत कमी आली तर रात्रीच्या माणसाला मी काय सांगू? गेटपास तुमच्याच सहीचा लागतो. फक्त कारण लिहा.”

साहेबांनी पेन काढलं. पान बघितलं, टाचलेला कागद वाचला. खरूज लिहिता येईना, दुसरं काही सुचेना. “बघू नंतर,” म्हणून आत गेले. गाडी रिकामी चाकणकडे वळली. कुत्री एकदा भुंकली आणि सिमेंट सोडून सावलीत जाऊन बसली.

मी पिशवीतला गठ्ठा हातात घेऊन उभी. काकांनी वरचं पत्रक ओढून घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं.

“बरोबर लिहिलंय,” म्हणाले. “आठच तास पायजेत. पण ताई, तसं झालं तर हिची गोळी कोण देणार, ते कुठं लिहिलंय?”

बारा तासांची ड्यूटी पिळवणूकच आहे, आजही म्हणते. पण त्या संध्याकाळी एकही पत्रक वाटलं नाही. केबिनच्या पायरीवर बसून प्रत्येकाच्या तळाशी पेनाने एक ओळ वाढवत राहिले: गोळी सात आणि सातलाच, ड्यूटी कितीही तासांची होवो, त्या वेळी गेटवर असेल त्याने द्यायची.