दोन महिन्यांचा मूड, एका मधल्या सुट्टीत

सांगते, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सगळं सांगितलं तेव्हा आमच्या नणंदबाईंना असा ठसका लागला की चहा नाकातून आला, आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं!

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तिसरीचा वर्ग. घर रिठदला, शाळा तिथून दोन गावं पलीकडे. नवरा गजानन शेती करतो आणि कमी बोलतो. मुलगी ओवी पाचवीत आहे आणि ती कसर भरून काढते. एकूण संसार सुखाचा. फक्त दर महिन्याला दहा-बारा दिवस त्या संसारात मी नसायचे. माझ्या जागी कोणी दुसरीच बाई राहायला यायची.

कशी होती म्हणता? स्कूटी चालू झाली नाही की तिथंच फतकल मारून रडणारी. एखाद्या पोराने "बाई, सात नव्वे किती?" विचारलं तरी आता जगात काही अर्थ उरला नाही असं वाटणारी. झोप नाही, अंगात त्राण नाही, आणि राग मात्र चोवीस तास नाकाच्या शेंड्यावर. मग पाळी यायची आणि दोन दिवसांत ती बाई गायब! मी परत हजर. घरोघरी माफी मागत फिरायचं काम तेवढं माझ्याकडे.

"सगळ्यायलेच होते व असं," बायका म्हणायच्या. मलाही ते पटलं होतं. पण एका संध्याकाळी मी आत पोळ्या करत होते आणि अंगणात ओवी बापाला हळूच विचारत होती, "बाबा, आज आई कशी हाय? जाऊ का आत?"

गजानन म्हणाला, "थांब जराशीक. मी येतो तुयासंग."

तव्यावरची पोळी करपून कोळसा झाली. पोटच्या पोरीला स्वतःच्या घरात शिरायला सोबत लागते, हे मला फार लागलं. गजानन म्हणतच होता, कोणाला तरी दाखव; त्याच दिवशी ठरवलं, याचा छडा लावायचा.

आता डॉक्टर गाठायचा कुठे? वाशीमला जाता आलं असतं. पण स्टँडवर उतरलं की दोन पालक भेटणार, रिक्षात आमच्या शाळांचे केंद्रप्रमुख आणि दवाखान्याच्या बाकड्यावर सासरकडची मावशी बसलेली असणार. "काहून व, तू इथं कायले?" म्हणून ती जे सुरू करेल ते आमच्या गावापर्यंत माझ्याआधी पोचेल. म्हणून मोबाईलवर, ऑनलाइन डॉक्टर बघितली.

आमच्या घरात रेंज नाही. ती येते फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे ऊन इतकं की स्क्रीनवर माझंच तोंड मला दिसेना. शेवटी टाकीवर मोबाईल टेकवला आणि त्याच्यामागे गजानन छत्री घेऊन उभा राहिला. डॉक्टरांना दिसत होते मी, मला दिसत होत्या डॉक्टर, आणि मागे नवरा आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

डॉक्टर पुण्याच्या, आवाज अगदी शांत. अर्धा तास माझं ऐकलं आणि म्हणाल्या, "हा पाळीच्या आधी होणारा मनःस्थितीचा तीव्र विकार असू शकतो."

नाव एखाद्या शासन निर्णयाएवढं लांब! पण खरं सांगू? मला इतकं बरं वाटलं. नाव आहे म्हणजे आजार आहे, आणि आजार आहे म्हणजे औषधही असणार. इतकी वर्षं मी समजत होते की मीच मुळात वाईट बाई आहे.

"पण आधी खात्री करायची," त्या म्हणाल्या. "एक तक्ता पाठवते. दोन महिने, रोज संध्याकाळी भरायचा. उदासपणा, चिडचिड, झोप, भूक, प्रत्येकाला एक ते सहा गुण. एक म्हणजे अजिबात नाही, सहा म्हणजे प्रचंड. शेजारी शेरा लिहायचा. जमेल ना?"

जमेल ना? मला विचारतात! पंधरा वर्षं तक्तेच भरते आहे की हो मी! पोषण आहाराचा तक्ता, शौचालयाचा तक्ता, झाडं लावल्याचा तक्ता, आणि ती झाडं जगल्याचा तक्ता. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही फक्त पाठवा."

पहिले तीन दिवस अगदी इमानाने भरले. पाच, सहा, सहा. शेऱ्यात लिहिलं, 'आज काहीच नको वाटलं.' चौथ्या दिवशी चाचणी परीक्षा आली, मग दिवाळी आली, मग दिवाळीची आवराआवर. तक्ता कपाटात गेला.

आणि एके दिवशी, ऐन मधल्या सुट्टीच्या घंटेला, मोबाईलवर निरोप. 'उद्या आपली भेट आहे. कृपया आजपर्यंतचा तक्ता पाठवावा.'

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना, भरला नाही म्हणून! अहो, पण उद्या तपासणी आहे म्हटल्यावर शिक्षकाचा मेंदू चालत नाही, हात चालतो. मी तीन पेनं काढली. एक निळं, एक काळं, एक निळंच पण फिकं. रोज वेगळ्या वेळी भरल्यासारखं दिसायला तेवढं लागतंच.

समोर वानखडे मॅडम डबा खात होत्या. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे, आणि माहिती भरण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"कायचा फॉर्म व?" त्यांनी विचारलं.

"आरोग्याचा हाय. सर्व्हे," मी अर्धंच सांगितलं.

"मंग सगळं चांगलंच भर बापा. वाईट भरलं का खुलासा मांगते वरून. आठवते ना, मागं म्या खरं लिवलं होतं का नळाले पाणी नाई? सहा महिने पत्रं देऊन राह्यली होती मी. नळाचं राह्यलं बाजूले!"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. मी कामाला लागले. एक, एक, एक, दोन, एक. मधून मधून दोन टाकायचे, नाहीतर खोटं वाटतं. ते सुरुवातीचे तीन दिवस, पाच-सहा गुणांचे, त्या स्वच्छ कागदावर इतके घाण दिसायला लागले की मी तो कागद फाडला आणि नव्यावर फेअर केलं. राहता राहिला शेरा. इतक्या दिवसांचे शेरे सुचणार कुठून? समोरच मुलांच्या वर्णनात्मक नोंदींचं रजिस्टर होतं. उघडलं आणि उतरवलं. घंटा व्हायच्या आत सगळं पूर्ण. वरून कोपऱ्याला चहाचं बोट लावलं, जुनं दिसावं म्हणून. मग फोटो काढून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. गच्ची, टाकी, छत्री. आणि नेमके माझे ते दिवस. सकाळपासून डोक्यात घण पडत होते.

डॉक्टर कागदाकडे बघत होत्या.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "या तक्त्याप्रमाणे तुम्हाला काहीही झालेलं नाही. इतकी आनंदी बाई मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. सतरा तारखेला तुम्ही लिहिलंय, 'गटात मिळून मिसळून राहते. नखे नियमित कापते.'"

छत्री हलली.

"वीस तारखेला, 'परिपाठात उत्साहाने सहभागी होते.' आणि याच महिन्याच्या एकोणतीस तारखेला, 'रागावर छान नियंत्रण मिळवते.'" त्यांनी चष्मा काढला. "ताई, आज सव्वीस आहे."

"मॅडम, ते... आमच्याकडे महिना पूर्ण करूनच देतात..."

"म्हणजे औषधाचा काही प्रश्नच नाही. सहा महिन्यांनी भेटू."

सहा महिने! म्हणजे आणखी सहा वेळा ती बाई येणार, आणि ओवी अंगणात उभी राहणार! माझा बांधच फुटला. पुण्याच्या डॉक्टरसमोर जपून ठेवलेली शाळेची भाषा कुठच्या कुठे गेली.

"मले काईच नाई? अवो मॅडम, परवा पोरीनं म्हटलं, आई, वेणी घालून दे, तं म्या कंगवा फेकून मारला! तिले लागला नाई. पण ते रडलीबी नाई! चुपचाप कंगवा उचलला अन् जाग्यावर ठेवला. दहा वर्साची पोरगी रडतबी नाई आता, मॅडम! अन् तुमी म्हणता काईच नाई?"

मी ओक्साबोक्शी रडत होते. खाली गल्लीत कोणीतरी मोटारसायकल थांबवून वर बघत होतं, बघू दे.

डॉक्टर पुन्हा कागदाकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "परवा म्हणजे चोवीस. तिथे शेरा आहे, 'मुलांशी प्रेमाने वागते.'"

आपण किती मोठा घोळ घातला आहे ते तेव्हा मला कळलं. मी माझ्या आजाराला प्रमाणपत्र दिलं होतं, वर्तणूक उत्तम म्हणून!

"बरं, डोळे पुसा," त्या म्हणाल्या. "मला पटतंय की त्रास खरा आहे. पण तो कधी येतो, कधी जातो, हे कागदावर हवं. शेवटची पाळी कधी आली?"

मी बोटं मोजायला लागले.

"दोन तारीख," छत्रीमागून आवाज आला. "त्याच्या आंधी पाच."

डॉक्टर दचकल्या. "कोण आहे तिथे?"

"ते आमचे हे आहेत. ऊन लागू नये म्हणून..."

गजानन छत्रीसकट चौकटीत आला. "नमस्कार मॅडम. माह्याजवळ लिवलेलं हाय."

काय लिहिलेलं आहे? तो खाली गेला आणि मोटारसायकलच्या डिकीतून फवारणीची डायरी घेऊन आला. कृषी केंद्रवाल्याने फुकट दिलेली, ती. ती डायरी मी दोनशे वेळा तरी पाहिली असेल, उघडली कधी नाही. सोयाबीनमध्ये बाईमाणसानं वाचण्यासारखं काय असणार?

"वाचून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

गजानन घसा खाकरून वाचायला लागला. "मांगच्या महिन्याची चोवीस तारीख. हरभरा पेरला. घरी ढगाळ. सत्तावीस. तुरीवर अळी, फवारणी केली. घरी दिवसभर कडकडाट. तीस. वारा होता, फवारणी नाई. आमच्या मॅडम जेवल्या नाई, रडून राह्यल्या होत्या. म्या पोरीले वावरात नेलं. चार तारीख. पानी देल्लं. घरी ऊन पडलं."

"असं कधीपासून लिहिताय?"

"पेरणीपासून. जून."

"अवो, पण कायले?" मला राहवेना.

त्याने मान खाली घातली. "फवारा माराचा तं हवा पाहा लागते. मंग वाटलं, घरचीबी लिवून पाहू. दोन महिने लिवलं तं समजलं, हे उगंच नाई होऊन राह्यलं. याच्या तारखा हायेत. म्हणूनच तं तुले म्हणत होतो, दाखव कोनाले तरी."

आता यावर भांडायचं की रडायचं? मी दोन्ही थोडं थोडं केलं. डॉक्टरांनी एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं आणि तारखा उतरवून घेतल्या. पाचही महिने तेच दहा-बारा दिवस, आणि पाळी आली की दोन दिवसांत ऊन.

"याला म्हणतात तक्ता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी थायरॉइडची तपासणी सांगितली, एक गोळी सुरू केली, तीन-चार गोष्टी समजावल्या. "आणि ताई, तुमचाही तक्ता हवाच. रोज, त्याच दिवशी आणि एकाच पेनाने."

या वेळी भरला. कोणाच्या भीतीने नाही, मलाच उत्सुकता लागली होती. आज कितीवर आहे मी? काल पाच, आज चार, का बरं? झोप लागली म्हणून? पंधरा वर्षांत पहिल्यांदा एखादा तक्ता भरताना मला त्यातलं काहीतरी जाणून घ्यायचं होतं. पहिल्या महिन्यात थोडा फरक पडला, दुसऱ्यात चांगलाच. त्या दिवसांत एकदा ओवी माझ्याशी भाजीवरून कचाकचा भांडली, पाय आपटले, दार आपटलं. शेजारीण म्हणाली, पोरगी शेफारली. मी गुपचूप आत जाऊन डोळे पुसले, आनंदाने.

तिसऱ्या महिन्यात न राहवून गजाननची डायरी उघडली. माझे ते दिवस काढले. 'घरी ऊन.' 'घरी ऊन.' 'थोडं ढगाळ, पोरीसंग हासली.' अगदी भरून आलं हो! मग सहज मागचं पान उलटलं. पाच तारीख, 'घरी कडकडाट.' आठ, 'कडकडाट, कारण ओला टॉवेल.' अकरा, 'दोनदा कडकडाट.'

पाच, आठ, अकरा? हे तर माझे चांगले दिवस! आजार महिनाभर पसरला की काय? तशीच धावत गोठ्यात गेले.

"अवो, हे काय हाय? हे डॉक्टरले सांगतलं काहून नाई तुमी?"

"सांगतलं ना," म्हशीला पेंड घालता घालता तो शांतपणे म्हणाला. "मांगच्या भेटीत तू थायरॉइडचा रिपोर्ट आनाले गच्चीवरून खाली गेली, तवाच इचारलं. म्हटलं, मॅडम, या बाकीच्या दिवसायची गोळी?"

"मंग?"

"त्या म्हणे, त्याची गोळी नाई निंगत. तो आजार नाई, त्या सोता तुमच्या मॅडमच हायेत!"