रेघ मारलेली तक्रार

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे निरोप पूर्वी फोनवरच्या ग्रुपवर यायचे. सुप्रभाताच्या गुलाबांखाली टाकीच्या गळतीची तक्रार कुठल्या कुठे बुडून जायची. दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या कामातला एक रहिवासी होता. त्याने सोसायटीपुरता एक साधा फोरम करून दिला आणि नंतर तो पुण्याला राहायला गेला. मी सेक्रेटरी, त्यामुळे फोरम माझ्या गळ्यात पडला.

त्यात बटणं जवळजवळ नव्हतीच. सगळं खुणांवर. शब्द ठळक हवा तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार. मथळ्याआधी हॅश. वाक्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन नागमोडी खुणा टाकल्या, की पोस्ट झाल्यावर खुणा नाहीशा होतात आणि वाक्यावर आडवी रेघ उमटते. ही रेघ मी कामाला लावली. तक्रार पुसायची नाही. काम झालं की मी किंवा खजिनदार तिच्यावर रेघ मारणार. म्हणजे काय राहिलंय आणि काय झालंय ते एका नजरेत कळतं, आणि नंतर कोणी म्हणायला नको की आमची तक्रार गायब केली.

लोकांना पद्धत आवडली. इतकी, की काही दिवसांत त्यांनी मजकूर वाचणं सोडलं. रेघ आहे की नाही, एवढंच बघायचे.

त्या दिवशी मी कोलशेतला, ऑफिसात होते. कंपनीच्या खरेदी विभागात मी काम करते. दुपारच्या चहाला फोरम उघडला तर सगळ्यात वर नवी पोस्ट होती, आमच्याच चौथ्या मजल्याबद्दलची, पाचव्या मजल्यावरच्या काकांनी टाकलेली.

मथळा ठळक : लिफ्टबाबत. खाली लिहिलं होतं : 'चौथ्या मजल्यावरील लिफ्टचा बाहेरील दरवाजा लिफ्ट अन्य मजल्यावर असतानाही उघडत आहे. तरी त्वरित दखल घ्यावी.' संपूर्ण मजकुरावर रेघ. खाली चार-पाच जणांनी अंगठे दिलेले आणि पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा प्रतिसाद : इतक्या लवकर काम केल्याबद्दल आभार.

मीही चहा संपवला. खजिनदारांनी मनावर घेतलं वाटतं, म्हणून बरंही वाटलं. कप विसळायला उठले आणि बेसिनपाशी थांबले. खजिनदार लिफ्टवाल्याला बोलावतात तेव्हा आधी मला फोन करतात, कारण त्याचा नंबर त्यांच्याकडे कधीच सापडत नाही.

मी फोन लावला. "लिफ्टवाला येऊन गेला का?"

"मला काय माहीत वहिनी? मी भिवंडीला आलेलो, साइटवर. तुम्हीच बोलावलंत ना?"

"मी नाही बोलावलं."

"मग रेघ कोणी मारली?"

रेघ मारायची मुभा फक्त आम्हा दोघांनाच होती. हात ओलेच होते, ते साडीला पुसले.

आमची लिफ्ट जुनी आहे. आतलं दार आपोआप सरकतं, बाहेरचं हाताने ओढायचं. लिफ्ट समोर असल्याशिवाय बाहेरचं दार उघडू नये म्हणून आत एक खटका असतो. त्या खटक्यावर अख्खी बिल्डिंग डोळे मिटून चालते. लिफ्ट आली का ते आमच्याकडे कोणी वाकून बघत नाही. मूठ धरून ओढत राहायचं. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली.

आणि माझ्या सासूबाई पाठमोऱ्या आत शिरतात. कुलूप नीट लागलंय का, हे त्यांना शेवटपर्यंत बघायचं असतं. एका हाताने लिफ्टचं दार धरायचं, नजर घराच्या कुलपावर ठेवायची आणि एक पाय मागे टाकत आत जायचं. मी कितीदा सांगितलं. "आई, पुढे बघून चढा." त्या म्हणायच्या, "पुढे काय बघायचंय? लिफ्टच आहे ना."

रोज ऊन उतरलं की त्या खाली बाकावर बसायला जातात. ऊन उतरत आलं होतं.

घरचा फोन वाजून वाजून बंद झाला. त्यांचा मोबाइल त्या वेळी चार्जिंगला असतो, आणि चार्जिंगला असलेला फोन घेऊ नये असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलंय. वॉचमनचा फोन लागला, पण उचलला नाही. तो खुर्चीवर फोन ठेवून पंपाकडे जातो. समोरचं कुटुंब गावी गेलेलं. शेजारच्या घरातली दोघंही नोकरीवर. नवऱ्याला लावला, तर तो शीळफाट्याला ट्रकांच्या मधे अडकलेला. "मी काय उडून जाऊ?" म्हणाला, आणि मग त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण फोनमधून त्याचा हॉर्न सलग वाजायला लागला.

मी घाबरट नाही. पण तेव्हा पुढे कोणाला फोन लावावा ते सुचेना. डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती : त्यांची टाच. हिरव्या पट्ट्याची चप्पल, आणि मागे जमीन शोधणारी टाच.

मग सुचलं, की पोस्ट लिहिणारा माणूस तरी घरी असेल. पाचव्या मजल्यावरचे काका. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी बेजार, दिवसभर घरातच.

त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. "बोला सेक्रेटरीबाई. पाहिलीत का आमची तक्रार? सकाळीच दिली. लेखी."

"काका, लिफ्ट दुरुस्त झाली का?"

"छे. तुम्ही अजून कोणाला पाठवलं कुठे? सकाळी मी तुमच्या मजल्यावर दार ओढलं तर समोर नुसते दोर. तुमच्या सासूबाईंना सांगावं म्हणून बेल वाजवली, पण त्या आंघोळीला गेल्या असाव्यात. मग वर येऊन रीतसर..."

"काका, आत्ताच्या आत्ता चौथ्यावर उतरा. लिफ्टच्या दारासमोर उभे राहा. फोन कानालाच ठेवा. आई निघायच्या वेळेला आल्यात."

या माणसाला प्रश्न विचारायची सवय आहे. त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. कडीचा आवाज आला, मग चपला, मग जिन्यावरचा श्वास. एका पायरीवर एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून त्यांचा जिना ऐकत होते. मध्येच ते थांबले. मला वाटलं दम लागला. पण ते ओरडले, आणि मला नाही.

"वहिनी, सोडा ती मूठ."

"का हो भावजी?" हा आमच्या आईंचा आवाज. लांबून, पण स्पष्ट. "तुम्हाला जायचंय का आधी?"

"लिफ्ट बंद आहे."

"बंद कशी? हे बघा, दार उघडतंय की."

"म्हणूनच म्हणतो. सोडा. आणि मागे बघा."

"कुलूप बघू द्या आधी."

"लावलंय कुलूप. मला इथून दिसतंय. तुम्ही मागे बघा."

फोनमध्ये फक्त काकांचा श्वास. मी जिन्याचा कठडा इतका घट्ट धरला होता, की नंतर तळहातावर त्याचा रंग लागलेला दिसला. आणि मग आई, हळू आवाजात : "अगं बाई. आत तर काहीच नाही."

"या इकडे. माझा हात धरा."

"तुम्हालाच कोणीतरी धरायला हवंय," आई म्हणाल्या. मी पायरीवर बसले.

काकांनी आमच्या घरातल्या दोन खुर्च्या आणून दारासमोर मांडल्या. एकीवर आई बसल्या, दुसरीवर ते. मी घरी पोचेपर्यंत दोघं तिथेच होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होते. वॉचमनला तळमजल्यावर मुख्य स्विच बंद करायला लावला होता. मी आल्यावर दार ओढून पाहिलं. सहज उघडलं. खाली काळोख, ग्रीसचा वास आणि किंचित हलणारे दोर. मी लगेच लावून घेतलं.

रेघेचं कोडं काकांनी दोन मिनिटांत सोडवलं. त्यांना मात्र ते कोडं वाटतच नव्हतं.

"मी जुन्या तक्रारीचा नमुना घेतला," ते म्हणाले. जुन्या पोस्टखाली 'उद्धृत करा' दाबलं, की मूळ मजकूर सगळ्या खुणांसकट येतो. त्यांनी गच्चीच्या गळतीची जुनी तक्रार घेतली होती, काम होऊन रेघ मारलेली. 'गच्ची' काढून 'लिफ्ट' घातलं, वाक्यं बदलली, उद्धृत मजकुराच्या सुरुवातीला आपोआप येणारा बाणही खोडला. नागमोडी खुणा राहू दिल्या.

"त्या का ठेवल्या काका?"

"नमुन्यात होत्या. नमुन्यातलं आपल्या मनाने काढायचं नाही. छत्तीस वर्षं मी असंच काम केलं. जुनं पत्र समोर ठेवायचं, विषय बदलायचा."

"पण पोस्ट झाल्यावर रेघ दिसली ना तुम्हाला?"

"दिसली. मला वाटलं, अधोरेखित झालंय. जरा वर सरकलंय इतकंच." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मी तक्रार दिली आणि ती झालीही, असं सगळ्यांना वाटलं?"

"लोकांनी आभारसुद्धा मानले."

आई आतून म्हणाल्या, "मग मी पडले असते तर त्याच्यावरही अंगठा दिला असता." त्यांनी चहा आणून ठेवला.

मी काकांच्या शेजारी बसून पोस्ट उघडली. खुणा त्यांनाच काढायला लावल्या. त्यांनी एका बोटाने एकेक करत त्या पुसल्या. रेघ गेली आणि वाक्य स्वच्छ समोर आलं. लिफ्ट नसतानाही दार उघडते. काही क्षणांत माझा फोन वाजायला लागला. जे सकाळपासून अंगठे देत होते, तेच आता विचारत होते, अजून काम का झालं नाही?

लिफ्टवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. खटक्याची स्प्रिंग तुटली होती, ती बदलून गेला. खजिनदारांचा फोन आला. "वहिनी, झालं ना? मारू का रेघ?"

"थांबा," मी म्हटलं.

लिफ्ट तळमजल्यावर उभी करायला लावली आणि मी मजल्या-मजल्यावर जाऊन दार ओढलं. चौथ्यावर ओढताना दुसऱ्या हाताने शेजारचा कठडा धरून ठेवला होता. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. घट्ट होतं. तरी खाली येऊन रेघ मारायला बसले तेव्हा खुणा टाकल्या, पुसल्या, आणि परत वर गेले.

आता आमच्याकडे स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय कोणी रेघ मारत नाही. मी तसं ठळक करून फोरमवर लिहिलंय, दोन-दोन स्टार टाकून. लोक ते वाचतात की नाही, माहीत नाही.

आई अजूनही कुलपाकडे बघत पाठमोऱ्याच शिरतात. मी घरी असले की आधी आत जाऊन उभी राहते आणि माझा तळहात त्यांच्या पाठीला लावून ठेवते. कोलशेतला असले की संध्याकाळी ऊन उतरताना जिन्यात जाते आणि त्यांना फोन लावते. आता त्या मोबाइल चार्जिंगवरून काढून बरोबर नेतात. "पोचले खाली," एवढंच म्हणतात आणि ठेवून देतात.