काचेआडून दोन बोटं

आता माझ्या गाडीची काच बटणानं चढते, आणि चढताना हमखास तो आठवतो.

बाबांनी हौसेनं जुनी गाडी घेतली आणि आईला खजरान्याच्या देवळात न्यायच्या आदल्याच दिवशी खिडकीची काच दाराच्या पोकळीत घसरून पडली. परदेशीपुऱ्याच्या मिलवस्तीतून एकाला घरी बोलावलं. आधी कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचा. मिल बंद पडल्यावर गाड्यांची किरकोळ कामं करू लागलेला. त्यानं दार खोललं, हात घालून काच पट्टीत बसवली आणि आत बसून हँडल फिरवत पूर्ण वर चढवली.

ओसरीवरून आई मला हळूच म्हणाली, "त्यांना विचार, साखर किती?"

बंद काचेआडून त्यानं दोन बोटं दाखवली!

आम्ही बघतच राहिलो. काच उतरवून तो हसला. "अरे भिया, साच्यांच्या खडखडाटात ऐकतो कोण? आम्ही ओठांवरूनच समजायचो. अब देखो, सगळीकडे शांतता आहे, पण तसं बोलायला कुणी उरलं नाही."

चहा पिऊन निघाला. फाटकाशी वळून, जुन्या सवयीनं, नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणाला. बाबांनी समजल्यासारखी मान डोलावली.

तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला रे?"