खाजाभाईंचं भांडण परत आलं

खाजाभाईंचा आवाज कुंभारीच्या सगळ्या वसाहतीला ठाऊक होता. टेंपो वळणावर असतानाच ते हाळी द्यायचे आणि रुक्साना तव्यावर भाकरी टाकायची. लग्न झाल्यापासून नवराबायकोचं भांडण कधी थांबलं नव्हतं, आणि एकमेकांवाचून करमतही नव्हतं.

मग खाजाभाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. ट्रान्सपोर्टचे मालक संगप्पा यांनी त्यांना टेंपोवरून काढून ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवलं.

घर मुकं झालं. दुपारी मोबाइलवर निरोप यायचा, 'जेवलो. काळजी नसावी.'

"तार आल्यागत वाटतंय गं," रुक्साना लेकीला म्हणाली. "मी भांडू कुणाशी?"

समरा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं एक जुना प्रोग्रॅम शोधला आणि घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर म्हणून चालू ठेवला, अब्बांचा ऑफिसातला कॉम्प्युटरही त्याला जोडला. तो गुपचूप बसून राहायचा. एकानं हाक मारली की दुसऱ्याकडे घंटी वाजवून सांगायचा, 'तुमच्याशी बोलायचंय म्हणतात.' होकार दिला की पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर आपलं, खाली समोरच्याचं.

"यात पाठवायचं बटणच नाही, अम्मी. अब्बांनी अक्षर दाबलं की लगेच तुला दिसणार."

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. ओढणीला हात पुसत रुक्साना धावली. खाली अक्षरं उमटू लागली, 'आज संध्याकाळी मट'

तिनं एका बोटानं बटणं बडवली. 'मटण न्हाय. डॉक्टरनं काय सांगितलंय?'

'मटकी म्हणत होतो. पुरं तर होऊ दे'

'थापा नका मारू जी. मटकी तुमी कधी मागितली?'

'तुझ्या अम्मीच्या हातची खाल्ली तवापासून न्हाय. लई खडे होते'

'माझ्या अम्मीचं नाव काढलं व्हय परत!'

अक्षरं थांबली. रुक्साना धसकली, जास्त बोललो का आपण? तेवढ्यात खाली 'हाहाहाहा' सुरू झालं ते ओळ संपली तरी थांबेना. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांचं पाणीही.

पुढं समरानं मंगळवेढ्याच्या मडिवाळप्पांनाही जोडून दिलं. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या वॉर्डात ते खाजाभाईंच्या शेजारच्या खाटेवर होते, त्यांचाही आवाज गेलेला. आता ज्वारी कुठली चांगली यावरून दोघांचा वाद रंगतो, आणि रुक्साना मध्येच घुसून दोघांनाही जेवायला उठवते.