तपासायला आलेल्यांना मी पाणी दिलं

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत मी ज्यांच्या घरात खोली घेऊन राहते, ते मालक आजोबा नेमबाजी क्लबचे जुने सभासद. पण त्यांचं पिस्तूल घरातच असतं, हे मला आज दुपारी कळलं.

आजोबा अंघोळीला गेले होते. बेल वाजली, दारात पालिकेचे दोन अधिकारी. शाळेतल्या गोळीबारानंतर आलेल्या नव्या कायद्याप्रमाणे शस्त्रांचं कपाट बघायचंय म्हणाले. मी आपल्याकडच्या सवयीने "या, बसा" म्हटलं, पाणी दिलं.

आजोबा आले आणि त्यांना बघून पांढरेफटक पडले. कपाटाला नीट कुलूप होतं. अधिकारी आभार मानून गेले.

"त्यांना दारातूनच परत पाठवायचा हक्क होता मला," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "आयुष्यभर कर भरला, याच सरकारला मत दिलं. शाळेचं छप्पर गळतंय, त्याला पैसे नाहीत. माझी झडती घ्यायला मात्र दोन-दोन माणसं. कुणा माथेफिरूने गोळ्या झाडल्या, आणि चोर मी?"

"सॉरी आजोबा. पण मला भीती वाटते."

"माझी?"

मला नाही म्हणता आलं नाही. ते आपल्या खोलीत निघून गेले.

हा कायदा हवाच, असं मला मनापासून वाटतं. तरी आता दाराला कडी लावून बसलेय. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच; इथे पिस्तूल आहे हे बाबांना कळलं तर पुढचं शिक्षण सोडून परत ये म्हणतील.

उद्या सकाळी स्वयंपाकघरात आजोबा समोर येतील. त्यांना काय सांगू?